छत्तीस द्रेष्काण, छत्तीस पत्ते: कामाच्या नोंदी

१४ जानेवारी

आज संक्रांत, म्हणून मुद्दाम आजच वही उघडली. प्रकल्प साधा आहे पण मोठा आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातक ह्या ज्योतिषग्रंथात द्रेष्काणाध्याय आहे, त्यात बारा राशींचे प्रत्येकी तीन असे छत्तीस द्रेष्काण, म्हणजे राशीचे दहा-दहा अंशांचे तुकडे, आणि प्रत्येकाचं रूप दिलंय, म्हणजे अक्षरशः कोण आहे, काय नेसलंय, हातात काय आहे, कुठे निघालंय. ती छत्तीस चित्रं पत्त्याच्या आकारात काढायची आणि शेजारी टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायच्या युरोपी पत्त्यांतले, छत्तीस पत्ते ठेवून बघायचं की राशीच्या त्याच दहा अंशांना दोन परंपरांनी कोणता चेहरा दिला.

टॅरोत हे छत्तीस कुठून आले तर लंडनमध्ये १८८८ साली गोल्डन डॉन नावाची गूढविद्येची मंडळी सुरू झाली, त्यांनी चार रंगांचे दुर्री ते दश्शी असे नऊ नऊ पत्ते घेतले, एक्के आणि राजा-राणी वगैरे बाजूला ठेवले, ९ गुणिले ४ बरोबर ३६, आणि ते राशींवर बसवले. चर राशींना (मेष, कर्क, तूळ, मकर) २-३-४, स्थिर राशींना (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) ५-६-७, उरलेल्या चार द्विस्वभाव राशींना ८-९-१०. अग्नीच्या राशींना वॉन्ड्स म्हणजे काठ्या, जलाच्या राशींना कप्स म्हणजे प्याले, वायूच्या राशींना स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, पृथ्वीच्या राशींना पेंटॅकल्स म्हणजे नाणी. एकदा हे कळलं की कुठलाही पत्ता उचलून त्याची रास सांगता येते, तोंडपाठ करायची गरजच नाही.

आजचा सूर्य आपल्याकडे मकरेच्या पहिल्या द्रेष्काणात शिरला. वराहमिहिराचं रूप: अंगभर केस, मगरीसारखे सुळे, डुकरासारखं धूड, हातात जोताचे पट्टे, जाळं आणि बेड्या, तोंड उग्र. पाश्चात्त्य ज्योतिषी राशी वेगळ्या जागेपासून मोजतात, ते मात्र आजचा सूर्य मकरेच्या चोविसाव्या अंशाच्या आसपास धरतात, म्हणजे त्यांचा तिसरा द्रेष्काण, पत्ता फोर ऑफ पेंटॅकल्स, तो माणूस एक नाणं छातीशी कवटाळून आणि दोन पायांखाली दाबून बसलेला असतो. सूर्य तोच, तारीख तीच. एकाच्या हातात दुसऱ्याला बांधायची साधनं आणि दुसरा स्वतःच्याच नाण्यांनी जागेला बांधलेला. हे दोन शेजारी ठेवले आणि बराच वेळ हलता आलं नाही, तिळगूळ द्यायला खालच्या काकू आल्या तेव्हा उठले.

१९ जानेवारी

सदाशिव पेठेत गुरुजींकडे गेले होते. त्यांना विचारलं, गुरुजी, ही रूपं तुम्ही पत्रिका बघताना कधी वापरता का. म्हणाले, "अगं, रूपं कोण बघतं आता. द्रेष्काण कुंडली मांडतो, भावंडांचं बघतो, लग्नापासूनचा बावीसावा द्रेष्काण आयुष्याच्या प्रश्नात बघतो, झालं. पण माझे वडील बघायचे. कुणाकडे चोरी झाली की लोक यायचे, वडील प्रश्न विचारल्या वेळेची प्रश्नकुंडली मांडायचे आणि नवमांशावरून, म्हणजे राशीच्या नवव्या भागावरून, वस्तू काय गेली ते आणि द्रेष्काणावरून चोर दिसायला कसा ते सांगायचे."

हा नियम षट्पंचाशिकेत आहे, पृथुयशाच्या, म्हणजे वराहमिहिराच्या मुलाच्या ग्रंथात. मला तो वाचून माहीत होता पण वापरणाऱ्याच्या घरातून ऐकला तेव्हा त्याचं वजन कळलं. म्हणजे ही वर्णनं ध्यानाला बसण्यासाठी केलेली नाहीत, देवाची मूर्ती घडवण्यासाठी पण नाहीत, ती माणूस ओळखण्यासाठी आहेत. पोलीस चौकीत विचारतात ना, अंगात काय होतं, केस कसे होते, हातात काही होतं का, तीच माहिती तेवढ्याच तपशिलात. माझ्यासाठी ह्या सगळ्या प्रकल्पाचा गाभा हाच. द्रेष्काण म्हणजे एखादा गुण किंवा ग्रहाचा मूड नाही, तो एक इसम आहे आणि तो दारात उभा राहिला तर ओळखता आला पाहिजे.

त्यामुळे ठरलं: प्रत्येक चित्रात पूर्ण माणूस, डोक्यापासून पायापर्यंत. हात कुठेही झाकायचे नाहीत. पार्श्वभूमी फक्त श्लोकात असेल तेवढीच.

२३ जानेवारी

आज ग्रह. हे जरा नीट लिहून ठेवते कारण लोक इथेच गोंधळतात आणि मग दोन पद्धती एकमेकांत मिसळून टाकतात.

आपली पद्धत १-५-९ ची. पहिला द्रेष्काण राशीच्या स्वामीचा, दुसरा तिथून पाचव्या राशीच्या स्वामीचा, तिसरा नवव्याच्या. मेषेला मंगळ, मग सिंहेचा रवी, मग धनूचा गुरू. म्हणजे एकाच तत्त्वाच्या तीन राशी एकमेकींना आत घेतात, अग्नीच्या राशीत अग्नीचेच तीन स्वामी.

गोल्डन डॉनने घेतली ती खाल्डियन क्रमाची पद्धत, तीही खूप जुनी आहे. ग्रह वेगाप्रमाणे लावायचे, सगळ्यात मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, आणि ही माळ राशीची तत्त्वं वगैरे न बघता सरळ ओढत न्यायची. मेष मंगळ-रवी-शुक्र, वृषभ बुध-चंद्र-शनी, असं. सात ग्रह आणि छत्तीस घरं, पाच फेऱ्यांत पस्तीस होतात आणि एक उरतं, त्यामुळे मीनेचा शेवटचा आणि मेषेचा पहिला दोन्ही मंगळाकडे जातात. हिवाळा संपून वसंत सुरू होतो तिथेच मंगळ दोनदा. युरोपातल्या ज्योतिषांना हे भारी आवडतं, थंडी फोडून बाहेर यायला जोर लागतो म्हणून.

एक्सेलमध्ये दोन्ही रकाने शेजारी लावले. छत्तीसपैकी नऊ ठिकाणी स्वामी जुळतो: मेष पहिला आणि दुसरा, वृषभ तिसरा, सिंह दुसरा आणि तिसरा, तूळ दुसरा, वृश्चिक पहिला, कुंभ दुसरा, मीन तिसरा. बाकी सत्तावीस ठिकाणी दोन वेगळे मालक. मिथुन, कर्क, कन्या, धनू, मकर ह्या पाच राशींत तर एकही नाही. आधी हे नऊच काढायचे.

२७ जानेवारी

कागद बघितला. ३०० जीएसएम मॅट. चकचकीत नको, चित्रातली माती निघून जाते.

३ फेब्रुवारी

मेषेचा पहिला. कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला काळा पुरुष, जणू रक्षण करायलाच उभा, रौद्र, उगारलेला परशू, लाल डोळे. हा माणूस काढताना नुसतं श्लोक समोर ठेवून भागत नाही कारण ह्याचा प्रवास माहीत झाला की हात वेगळाच चालतो.

इटलीत फेरारा नावाच्या गावात पालाझ्झो स्किफानोया आहे, एस्ते घराण्याचा वाडा. त्यातल्या एका दालनात बारा महिन्यांची भित्तिचित्रं काढलेली होती, १४६९-७० च्या सुमाराची, आज सगळी उरलेली नाहीत. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे: वर देवतेची रथयात्रा, खाली ड्यूक बोर्सोच्या दरबारातलं रोजचं आयुष्य, आणि मधल्या गडद निळ्या पट्ट्यात रास आणि तिच्याभोवती तीन माणसं. हे तिघे कोण ते शेकडो वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. मार्चच्या पट्ट्यात, म्हणजे मेषेत, एक काळा माणूस आहे, पांढरे फाटके कपडे, कमरेला दोर. १९१२ साली रोमच्या कलाइतिहास परिषदेत आबी वारबुर्ग ह्या जर्मन अभ्यासकाने उभं राहून सांगितलं की हे तिघे मेषेचे द्रेष्काण आहेत आणि हा काळा माणूस वराहमिहिराचा आहे. मधला दुवा बगदादचा अबू माशर, नववं शतक, त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात द्रेष्काणांची रूपं इराणी, हिंदू आणि ग्रीक अशा तीन मतांनी वेगवेगळी लिहून ठेवली होती. त्यातलं हिंदू मत लॅटिनमध्ये गेलं आणि तिथून फेराराच्या भिंतीवर.

आता ह्याच्याही मागे जा. वराहमिहिर स्वतः मेषेचा दुसरा सांगताना म्हणतो की हे रूप यवनांनी सांगितलेलं आहे, तुळेच्या पहिल्याला पण तेच म्हणतो. यवन म्हणजे ग्रीक. आणि ग्रीकांना ही छत्तीसची कल्पना मिळाली इजिप्तकडून, तिथे छत्तीस तारकासमूह होते, दर दहा दिवसांनी एक नवा पहाटे उगवायचा, छत्तीस दाहे तीनशेसाठ आणि वर पाच दिवस, असं त्यांचं वर्ष. इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणावर आतून हे तक्ते रंगवलेले सापडतात, मेलेल्या माणसाला रात्रीचे तास कळावेत म्हणून. म्हणजे सुरुवातीला द्रेष्काण हे घड्याळ होतं. इजिप्तमध्ये तारा, ग्रीकांकडे राशीचा तुकडा, आणि उज्जैनीकडच्या ह्या पंडिताच्या हाती येईपर्यंत त्याला कमरेचं वस्त्र आणि परशू मिळालेले होते.

सहाव्या शतकातला माणूस नऊशे वर्षांनी इटलीत भिंतीवर उभा राहतो आणि फक्त त्याची कुऱ्हाड तेवढी मागे राहते. वस्त्र पांढरंच. रंग काळाच. १५३३ मध्ये अग्रिप्पा ह्या जर्मन पंडिताचा गूढविद्येवरचा ग्रंथ छापून आला त्यातही मेषेच्या पहिल्याला तोच काळा, पांढऱ्या वस्त्रातला, लालसर डोळ्यांचा माणूस आहे. माझा परशू मी नीट काढणार आहे, पातं रुंद, दांडा हातापेक्षा लांब, आणि तो उगारलेला आहे पण मारायला नाही, राखणीला. श्लोकात रक्षण आधी येतं आणि रौद्र नंतर, तो क्रम चेहऱ्यावर दिसला पाहिजे.

टॅरोत ह्याच जागी टू ऑफ वॉन्ड्स. तटावर उभा राहून हातात पृथ्वीचा गोल धरून समुद्राकडे बघणारा सरदार. रूप काहीच जुळत नाही. मंगळ मात्र दोन्हीकडे आहे, एकाचा मंगळ दारावर पहारा देतो आणि दुसऱ्याचा राज्य वाढवायचं बघतो.

८ फेब्रुवारी

कोथरूडला मावशीकडे. ती बरीच वर्षं टॅरो वाचते, लोकांना समोर बसवून, घाईघाईत नाही. तिच्या डायनिंग टेबलवर नऊ पत्ते लावले आणि मी माझी स्केचेस त्यांच्या खाली ठेवली. हे पत्ते १९०९ चे, वेट ह्या गूढविद्येच्या अभ्यासकाने सांगितलेले आणि पामेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीने काढलेले. त्याआधी आकडी पत्त्यांवर बहुतेक डेकमध्ये नुसत्या काठ्या, प्याले, तलवारी, नाणी मोजून मांडलेली असत. पामेलाने प्रत्येक आकड्याला माणसं दिली, प्रसंग दिला. तिचं नाटकाच्या मंडळींत उठणं-बसणं होतं, स्वतः छोटी कागदी थिएटरं करायची, आणि ते पत्त्यांत दिसतं, प्रत्येक पत्ता म्हणजे पडदा नुकताच वर गेलाय असा.

सिंहेचा दुसरा, गुरू. वराहमिहिर: घोड्यासारखा आकार, डोक्यावर फिकट पांढऱ्या फुलांचा तुरा, काळवीटाचं कातडं आणि घोंगडी, सिंहासारखा, जवळ जाणं अवघड, हातात धनुष्य, नाकाचा शेंडा खाली वळलेला. पत्ता सिक्स ऑफ वॉन्ड्स: पांढऱ्या घोड्यावर स्वार, डोक्यावर पानांचा मुकुट, विजयी होऊन गावात शिरतोय. मावशी एकदम म्हणाली, "अगं हा तर तोच आहे, नुसता घोड्यावरून खाली उतरवलाय." मधल्या काळातल्या पिकाट्रिक्स नावाच्या अरबी जादूच्या ग्रंथात सिंहेच्या दुसऱ्याला पांढऱ्या मर्टलचा मुकुट आणि हातात धनुष्य आहे, म्हणजे तुरा आणि धनुष्य तिथवर तरी नक्की पोचले होते. पामेलाने तिथून घेतलं असं मी म्हणणार नाही, गोल्डन डॉनने ह्या पत्त्याला विजय असं नाव ठरवून दिलेलं होतं आणि विजयाला पानांचा मुकुट युरोपात रोमन काळापासून आहेच. पण दोन्ही वाटा एका चौकात येतात.

सिंहेचा तिसरा, मंगळ. अस्वलाच्या तोंडाचा, माकडचेष्टा करणारा, दाढीवाला, कुरळे केस, हातात दंड, फळ आणि मांस. पत्ता सेव्हन ऑफ वॉन्ड्स: उंचावर उभा राहून खालून येणाऱ्या सहा काठ्यांना एकट्याने काठीने तोंड देणारा. माझ्याजवळचं मी सोडणार नाही, हा भाव दोघांच्यात सारखा.

तुळेचा दुसरा, शनी. गिधाडाच्या तोंडाचा पुरुष, घडा धरलेला, खाली पडायच्या बेतात, भुकेला, तहानलेला आणि मनात बायकोमुलं. पत्ता थ्री ऑफ स्वोर्ड्स, पावसात तीन तलवारी आरपार गेलेलं लाल हृदय. मावशी म्हणाली, "ह्या पत्त्यावर लोक रडतात, पण कुणासाठी ते पत्ता सांगत नाही. तुझा श्लोक सांगतो." मला हे फार पटलं. पत्त्यावर फक्त वेदना आहे, श्लोकात वेदनेला घर आहे, माणसं आहेत.

वृश्चिकेचा पहिला, मंगळ, आणि इथे आम्ही दोघी गप्प झालो. अंगावर वस्त्र नाही, दागिना नाही, महासमुद्रातून किनाऱ्याला येणारी स्त्री, आपल्या जागेवरून ढळलेली, पायाला सापाचा विळखा, आणि तरी सुंदर. पत्ता फाइव्ह ऑफ कप्स: काळ्या झग्यात मान खाली घालून उभी आकृती, समोर तीन प्याले सांडलेत, मागे दोन उभे आहेत, पलीकडे नदी आणि पूल. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे सगळं गेलेलं, आणि दोन्हीकडे काहीतरी उरलेलं. वराहमिहिराची बाई मात्र चालतेय. ती किनाऱ्याकडे येतेय, उभी राहून सांडलेल्याकडे बघत नाहीये. मी चित्रात तिचा एक पाय वाळूवर टेकलेला काढणार, दुसरा अजून पाण्यात, साप त्याच पायाला.

कुंभेचा दुसरा, बुध. जळक्या गाडीत शाल्मलीचं, म्हणजे सावरीचं, लाकूड, मळकं वस्त्र गुंडाळलेली बाई रानात लोखंड गोळा करतेय, डोक्यावर भांडी. पत्ता सिक्स ऑफ स्वोर्ड्स: नावेत पाठमोरी बसलेली, शालीत गुरफटलेली बाई, शेजारी मूल, नावाडी वल्हवतोय. दोघींनी घर सोडलंय. एकीला कुणीतरी नेतंय, दुसरी स्वतःचं सामान स्वतःच्या डोक्यावर घेऊन निघालीय. पुण्यात रस्त्याच्या कडेला पालं टाकून राहणाऱ्या बायका मी रोज बघते, भंगार, लोखंड, पातेली, सगळं एकावर एक रचून डोक्यावर. हे रूप काढायला मला कल्पना लागणारच नाही.

उरले चार. मेषेचे दोन, वृषभेचा तिसरा, मीनेचा तिसरा, त्यांत रूप जुळत नाही. मीनेच्या तिसऱ्याचं वेगळं लिहीन, तो मोठा विषय आहे.

१७ फेब्रुवारी

रविवार पेठेत दुपारभर. तुळेचा पहिला काढायचाय: बाजाराच्या रस्त्यावर दुकानात बसलेला पुरुष, तराजू घेतलेला, मोजमापात हुशार, हातात वजनं, पुढ्यातल्या मालाचा आणि त्याच्या किमतीचा विचार करतोय. आता बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटे आलेत पण आतल्या बोळात एका मसाल्याच्या दुकानात दांडीचा तराजू अजून आहे. दुकानदार काकांनी बसू दिलं. वजनं हातात घेऊन बघितली, लोखंडी, षट्कोनी, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि उलटं केलं की तळाला एक खळगा, त्यात शिसं ओतलेलं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का. काका म्हणाले, वजन झिजलं की शिसं घालून भरून काढतात आणि परत शिक्का मारून घ्यावा लागतो. मग त्यांनी हळद जोखली. दांडी स्थिर व्हायच्या आधीच त्यांची नजर काट्यावर नव्हती, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर होती, आणि ओठ हलत होते, भाव मनात चालू होता. श्लोकात नेमकं हेच आहे, तो तोलत नाहीये, तो किंमत विचारात घेतोय. स्केच तिथेच झालं.

टॅरोत ह्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, छातीशी दोन तलवारी फुलीसारख्या धरलेली बाई. तराजू तिथे नाहीच. तो सिक्स ऑफ पेंटॅकल्सवर सापडतो, म्हणजे वृषभेच्या दुसऱ्यावर, सावकार एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने गरिबाला नाणी देतोय. आणि वराहमिहिराच्या वृषभेच्या दुसऱ्यात कोण आहे तर शेत, धान्य, गाई, नांगर, गाडी ह्या सगळ्याची जाण असलेला, बैलासारखे खांदे आणि बोकडाचं तोंड असलेला भुकेला माणूस. तो शेतकरी टॅरोत पुढच्या पत्त्यावर सरकलाय, सेव्हन ऑफ पेंटॅकल्सवर कुदळीच्या दांड्यावर रेलून वेलीकडे बघत उभा. वस्तू आणि माणसं हरवत नाहीत, घर बदलतात. ह्याचा तक्ता करून पत्त्यांच्या पेटीत टाकायचा विचार आहे.

२५ फेब्रुवारी

सगळे साप एकत्र काढले. कर्केचा दुसरा आणि तिसरा, वृश्चिकेचा पहिला आणि दुसरा, मीनेचा तिसरा. पाचही जलराशीत. एकही साप अग्नीत, वायूत किंवा पृथ्वीत नाही. श्लोक सुटे सुटे वाचताना हे लक्षात येत नाही, चित्रं जमिनीवर मांडली की लगेच दिसतं. साप सगळीकडे एकाच निळसर हिरव्या रंगात, ज्यामुळे डेक पिसताना हे पाच आपोआप ओळखू येतील.

५ मार्च

नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये पहिला प्रूफ. मेषेच्या पहिल्याच्या अंगाचा रंग राखाडी आला, धुरकट. प्रेसवाले दादा म्हणाले, "ताई, नुसता काळा टाकलात की कागद तो पिऊन टाकतो, खाली थोडा सायन, म्हणजे निळी शाई, द्या, मग काळा उभा राहतो." दिला. आता त्वचेला निळसर खोली आली आणि पांढरं वस्त्र एकदम पुढे आलं. दुसऱ्या प्रूफमध्ये डोळ्यांचा लाल पण वाढवला.

२१ मार्च

पाश्चात्त्य मेष आजपासून धरतात, वसंतसंपात, दिवस-रात्र सारखे. आपली मेष १४ एप्रिलला. हा चोवीस अंशांहून थोडा जास्त फरक म्हणजे अयनांश, आणि द्रेष्काणाच्या हिशोबात तो जवळजवळ अडीच घरांचा होतो. म्हणजे २८ मार्चला जन्मलेल्या मुलीचा सूर्य टॅरोत टू ऑफ वॉन्ड्सवर, तटावरचा सरदार, आणि आपल्याकडे मीनेच्या दुसऱ्यात, उंच निशाणांच्या नावेत बसून मैत्रिणींबरोबर समुद्राच्या किनाऱ्याला येणारी चाफ्यासारख्या कांतीची स्त्री.

काही जण म्हणतात दोन्हीपैकी एक खोटं असलं पाहिजे. मला तसं वाटत नाही. सायन मोजणारा, म्हणजे संपातापासून मेष धरणारा पाश्चात्त्य, ऋतूला चेहरा देतोय, निरयन मोजणारा, म्हणजे आपल्यासारखा ताऱ्यांवरून राशी धरणारा, ताऱ्यांच्या मागच्या पडद्याला, आणि इजिप्तच्या शवपेटीवर तर मूळ तारेच होते. पण एका डेकमध्ये दोन्ही चालणार नाहीत, वाचणारा गोंधळेल. माझा डेक निरयन राहील, पत्त्याच्या खालच्या कडेला तारखा संक्रांतींप्रमाणे, आणि टॅरोच्या पत्त्याचं नाव कुठेच छापायचं नाही. तुलना पुस्तिकेत. पत्ता हातात घेणाऱ्याने आधी तो माणूस बघावा, दुसऱ्या डेकच्या चष्म्यातून नको.

२ एप्रिल

मीनेचा तिसरा. राशिचक्राचे शेवटचे दहा अंश.

वराहमिहिर: रानात, खड्ड्याच्या काठाशी, अंगावर वस्त्र नाही, सापाने वेढलेला, चोर आणि आगीच्या भयाने जीव कासावीस झालेला पुरुष मोठ्याने आक्रोश करतोय. गोल्डन डॉन: टेन ऑफ कप्स. इंद्रधनुष्यात दहा प्याले, खाली नवरा-बायको हात वर करून, शेजारी दोन मुलं नाचतायत, मागे घर. नाव दिलंय परिपूर्ण यश. आणि ग्रह दोन्हीकडे मंगळ, नऊ जुळणाऱ्यांतला हा एक.

मावशीला फोन केला. ती म्हणाली टेन ऑफ कप्सला तिने नुसतं सुखाचा पत्ता म्हणून कधीच वाचलं नाही, दहाच्या पुढे प्याला नाही, भरून झालंय, आता सांडणार किंवा रिकामं होणार. क्राउली ह्या इंग्रज गूढवाद्याच्या डेकमध्ये ह्याच पत्त्याला तृप्ती असं नाव आहे, आणि तिथे त्याने मंगळ मीनेत बसत नाही ह्याची कुरकूर सोडलेली नाही. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "राशीचा शेवट आहे तो, जलराशीचा शेवट, पुढे मेष. पाणी संपून आग लागते तिथे, गंडांत म्हणतात त्याला. तिथला माणूस ओरडणारच."

ह्या उत्तराने माझं चित्र सुटलं. श्लोकात आग आहे, ती मला सारखी खटकत होती, मीनेत आग कुठून आली. ती पुढच्या घराची आहे. चित्रात आग उजव्या कडेला ठेवली, पत्त्याच्या चौकटीतून आत येणारी, आणि पत्ते क्रमाने लावले तर त्या कडेला लागून मेषेचा पहिला येतो, परशूवाला राखणदार. त्याच्या पत्त्याच्या डाव्या कडेला त्याच आगीचा उजेड अगदी थोडा पडलाय, पांढऱ्या वस्त्राच्या काठावर. ओरडणाऱ्याची हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर तो उभा आहे. हे मी श्लोकात घातलेलं नाही, दोन्ही श्लोक जसे आहेत तसेच आहेत, फक्त चक्र गोल आहे आणि शेवटच्याच्या शेजारी पहिला बसतो.

टेन ऑफ कप्सशी ह्याचं भांडण मी मिटवणार नाही. पुस्तिकेत दोन्ही शेजारी छापणार आणि खाली दोघांचा ग्रह.

१४ एप्रिल

सूर्य मेषेत. छत्तीसपैकी नऊ पूर्ण, बाकीच्यांची स्केचेस झालीत, रंग बाकी. गुरुजींनी नऊ पत्ते हातात घेऊन एकेक वाचले, कुंभेच्या दुसऱ्याला थांबले आणि म्हणाले भांडी डोक्यावर तीन दाखव, एकच दाखवलंस तर ती पाण्याला निघाल्यासारखी वाटते. बरोबर आहे, श्लोकात अनेकवचनच आहे. बदलते.

पुढचा टप्पा कन्येचे तीन: फुलांनी भरलेला घडा घेतलेली मळक्या कपड्यांतली मुलगी गुरूच्या घरी निघालीय, लेखणी हातात धरून जमाखर्च मांडणारा डोक्याला फडकं बांधलेला सावळा कारकून, आणि धुतलेलं रेशमी वस्त्र नेसून घडा आणि पळी घेऊन देवळात चाललेली गोरी उंच बाई. तिसरीसाठी पहाटे जोगेश्वरीच्या देवळात जाऊन बसायचंय, पळी बायका कशी धरतात ते बघायला, दांडा तळहातात की बोटांत. प्रेसवाल्या दादांना नऊ पत्त्यांची फाइल पाठवली, काळ्याखालच्या सायन शाईसकट.